चित्र उरलं, संग्रह हरवला

इंदूर, ग्वाल्हेर आणि हैदराबाद इथल्या वास्तूंचे, दरबारांचे, मिरवणुकांचे एकोणिसाव्या शतकातले जे फोटो आज सगळीकडे फिरतात, त्यांतल्या पुष्कळांखाली एकच नाव असतं: राजा दीनदयाळ. नाव बहुतेकांना ठाऊक आहे. पण फोटो कोणत्या सालचा, कोणाच्या सांगण्यावरून काढलेला, त्याच्या आधीचा आणि नंतरचा फोटो कोणता, मूळ प्लेट कुठे आहे, असं विचारलं की गाडी अडते. या माणसाच्या कामावर जाडजूड पुस्तकं निघाली, प्रदर्शनं झाली, काचेच्या प्लेटा सरकारी संस्थेनं विकत घेतल्या. जपणूक झालीच नाही असं कोणी म्हणू शकणार नाही. तरी काहीतरी निसटलंय. ते काय, आणि तेच आपल्या घरांतल्या, वाड्यांतल्या, वाचनालयांतल्या फोटोंच्या बाबतीत पुन्हा कसं घडतंय, हे या लेखात तपासायचं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आपण चित्रं जपतो, संग्रह जपत नाही. चित्र म्हणजे पुढून दिसतं ते. संग्रह म्हणजे ते चित्र, त्याची पाठ, त्याचा पुठ्ठा, त्यावरचा क्रमांक, त्याचं पाकीट आणि शेजारच्या फोटोंशी त्याचा क्रम. इतिहासाच्या कामाला दुसरी गोष्ट जास्त लागते आणि नेमकी तीच आधी टाकून दिली जाते.

आराखडे काढणारा फोटोग्राफर

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ चा, मेरठजवळच्या सरधना गावचा. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात त्यांनी इंजिनिअरिंगचं शिक्षण घेतलं आणि १८६६ मध्ये ते इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात आराखडे आणि अंदाजपत्रकं करण्याच्या नोकरीवर लागले. फोटोग्राफी सुरू झाली ती इथे, नोकरी सांभाळून. महाराजा तुकोजीराव होळकर (दुसरे) आणि मध्य भारताचे एजंट सर हेन्री डेली यांचं प्रोत्साहन मिळालं. १८७५–७६ च्या प्रिन्स ऑफ वेल्सच्या भारतभेटीत त्यांनी फोटो काढले. १८८२ मध्ये डेलींच्या जागी आलेल्या सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर मध्य भारतातल्या वास्तूंचा दौरा केला. त्यातून १८८६ मध्ये ‘फेमस मॉन्युमेंट्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हा ग्रंथ लंडनमध्ये निघाला. पुढे ते हैदराबादला गेले, सिकंदराबादेत स्टुडिओ थाटला, १८९४ मध्ये सहावे निजाम महबूब अली खान यांचे दरबारी फोटोग्राफर झाले, १८९६ मध्ये मुंबईत आणखी एक मोठा स्टुडिओ काढला. १९०५ मध्ये ते वारले.

हा माणूस आराखडे काढणारा होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्यानं बांधकाम खात्यात काम केलंय त्याला माहीत असतं की ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीशिवाय ड्रॉइंगला काही किंमत नाही. कामाचं नाव, शीट क्रमांक, तारीख, सही हे सगळं त्या चौकटीत असतं. ती कापून टाका, रेषा तितक्याच सुबक राहतील, पण साइटवर ते ड्रॉइंग कोणी हातात धरणार नाही. दीनदयाळ यांच्या पुष्कळ फोटोंवर अशीच चौकट आहे: नाव, क्रमांक आणि स्थळ. ती प्रिंटवर मागाहून लिहिलेली नाही, ती प्लेटवरच आहे. काचेवर गडद शाईनं उलटी अक्षरं लिहिली की तिथून उजेड जात नाही आणि छापताना ती पांढरी सुलटी उमटतात. खरवडून लिहिली तर काळी उमटतात. म्हणजे ही माहिती फोटोचाच भाग आहे, कोणी बाहेरून चिकटवलेली चिठ्ठी नाही.

आज या फोटोंचं काय होतं? कॅलेंडरसाठी, पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी, फॉरवर्डसाठी खालची दोन बोटं पट्टी कापली जाते, कारण ती ‘चांगली दिसत नाही’. टायटल ब्लॉक गेला. उरलं सुंदर चित्र.

पुस्तकांनी काय घडवलं

दीनदयाळ यांना विसाव्या शतकाच्या वाचकापुढे आणण्याचं मोठं श्रेय क्लार्क वॉर्सविक यांच्या १९८० च्या ‘प्रिन्सली इंडिया’ या पुस्तकाला जातं. त्या काळात भारतीय फोटोग्राफरवर स्वतंत्र पुस्तक काढणं ही साधी गोष्ट नव्हती आणि त्याचं ऋण मान्य करायलाच हवं. पण पुस्तकाच्या नावातच दोन सालं आहेत: १८८४ ते १९१०. दीनदयाळ १९०५ मध्ये गेले. मग पुढची पाच वर्षं त्यांच्या नावावर कोणाचं काम आहे? उत्तर सोपं आहे: स्टुडिओचं. मुलगा ज्ञानचंद आणि पगारी फोटोग्राफर, रिटच करणारे, प्रिंट काढणारे यांचं. ‘राजा दीनदयाळ अँड सन्स’ ही पेढी होती, एकटा कलावंत नव्हता.

आता दुसऱ्या टोकाचं साल पाहा. १८८४ पासून सुरुवात केली की त्याआधीची इंदूरची वर्षं शीर्षकाबाहेर जातात. तुकोजीरावांचा आश्रय, डेली, ग्रिफिनबरोबरचा १८८२ चा दौरा हे सगळं निजामी वैभवाची प्रस्तावना होऊन बसतं. आपल्या इंदूरकरांना ‘दीनदयाळ हैदराबादचे’ असं जे वाटतं, त्याचं एक कारण या निवडीत आहे. झगमगणारे हत्ती, शिकारी, मेजवान्या निवडल्या गेल्या; नोकरी करत, सुट्टी काढून, बैलगाडीतून काचा वाहत देवळांचे फोटो काढणारा इंदूरचा ड्राफ्ट्समन मागे राहिला.

१९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रानं या स्टुडिओच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह घेतल्या. ही फार मोठी गोष्ट झाली. प्रिंट जगभर विखुरतात. प्लेटा एका ठिकाणी राहिल्या तर स्टुडिओचं काम मुळातून पाहता येतं. २०१० मध्ये त्यांवर प्रदर्शन आणि पुस्तक झालं. २०१३ मध्ये दीपाली देवन आणि डेबोरा हटन यांचं पुस्तक आलं, त्याच साली टोरोंटोच्या रॉयल ओंटारिओ म्युझियममध्ये प्रदर्शन झालं. या टप्प्यावर स्टुडिओ, त्याचे ग्राहक, त्याचा व्यवसाय यांकडे गांभीर्यानं पाहिलं गेलं, हे स्वागतार्हच आहे. तरी मुखपृष्ठावर शब्द येतो तो ‘आर्टिस्ट-फोटोग्राफर’. बाजारात आणि संग्रहालयात कलावंत विकला जातो, पेढी विकली जात नाही. त्याला इलाज नसेल, पण वाचकानं तो शब्द बाजूला ठेवून आत शिरावं.

प्लेट, प्रिंट आणि आल्बम या तीन वेगळ्या साक्षी आहेत, हे इथे नीट समजून घ्यायला हवं. प्लेटवर चित्राची पूर्ण चौकट असते: राजाच्या बाजूला पडदा धरून उभा असलेला नोकर, जो प्रिंटमध्ये कापला गेला. चेहऱ्यावर पेन्सिलीनं केलेलं रिटचिंगही प्लेटवरच दिसतं. प्रिंटच्या पुठ्ठ्यावर पेढीचं नाव, पत्ता, बिरुद छापलेलं असतं. ‘लाला’ आहे की ‘राजा’, कोणत्या शहरातला पत्ता आहे, यावरून काळाचा अंदाज बांधता येतो. आल्बमवरून कळतं की हा फोटो कोणी विकत घेतला आणि कशाच्या शेजारी लावला. आज प्लेटा दिल्लीला, पुष्कळ प्रिंट लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, आणखी काही दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनसारख्या संग्रहांत, काही टोरोंटोला. या सगळ्यांना जोडणारा धागा तोच: प्लेटवरचा क्रमांक. खालची पट्टी कापणाऱ्याच्या हे ध्यानातही येत नाही की त्यानं दिल्ली आणि लंडनमधली दोरी तोडली.

रंगवलेली खोटी माहिती

गेल्या काही वर्षांत आणखी एक खूळ आलं आहे. जुना फोटो संगणकाला द्यायचा आणि रंगीत, धारदार करून मागायचा. लोक हौसेनं करतात, त्यामागे प्रेम असतं, मान्य. पण तंत्र काय सांगतं ते पाहू.

ओली कोलोडियन प्लेट आणि सुरुवातीची साधी कोरडी प्लेट यांना मुख्यतः निळा आणि जांभळा प्रकाशच ‘दिसायचा’. लाल त्यांना जवळजवळ काळा, निळा जवळजवळ पांढरा. म्हणून त्या काळच्या फोटोत आकाश कोरं असतं. म्हणून गडद दिसणारी पगडी काळीच होती असं नाही, ती लालभडक असू शकते, आणि फिकट दिसणारा शेला निळा असू शकतो. संगणक करड्या छटेवरून रंग ताडतो आणि ती छटाच मुळात आपल्या डोळ्यासारखी नोंदलेली नाही. होळकरांच्या दरबारात, शिंद्यांच्या दरबारात पगडीचा घाट आणि रंग यांना अर्थ होता. चुकीचा रंग दिला की ती सजावट राहत नाही, चुकीची नोंद होते. चेहरा ‘स्वच्छ’ करणारी साधनं तर याहून पुढे जातात. जिथे प्लेटवर तपशील नाही तिथे ती दुसऱ्या हजारो चेहऱ्यांवरून नवा तपशील भरतात. तो चेहरा आपल्या पणजोबांचा राहत नाही.

रंगवा, पण मूळ फोटोशेजारी ठेवा आणि ‘रंग आजचे आहेत’ हे चित्रावरच लिहा. खाली वेगळं लिहिलेलं वाक्य पहिल्याच फॉरवर्डमध्ये गळतं.

कायमचं म्हणजे किती कायमचं

ग्रिफिनच्या ग्रंथात छायाचित्रं ‘पर्मनंट ऑटोटाइप’ पद्धतीची असल्याचं शीर्षकपृष्ठावरच सांगितलं आहे. १८८६ मध्ये ‘पर्मनंट’ हा शब्द मिरवावा का लागला? कारण साध्या प्रिंट विटतात, हे तेव्हा सगळ्यांना दिसत होतं. त्या काळची नेहमीची प्रिंट अल्ब्युमेन कागदावर असे: पातळ कागदावर अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर, त्यात चांदीच्या क्षारांनी उमटलेलं चित्र. बलक पिवळा पडतो, चांदीवर गंधकाचा आणि दमटपणाचा परिणाम होतो, उजळ भागांतला तपशील आधी जातो. ऑटोटाइपमध्ये चित्र चांदीऐवजी रंगद्रव्यावर उभं राहतं, म्हणून ते टिकतं. म्हणजे जपणुकीचा प्रश्न फोटोग्राफीइतकाच जुना आहे आणि त्यावर पहिलं उत्तर कारागिरांनीच शोधलं होतं.

आजचं ‘पर्मनंट’ म्हणजे स्कॅन. आपल्यासारख्या मंडळांच्या बैठकीत हमखास ऐकू येतं: ‘सगळं डिजिटाइझ केलंय, आता काळजी नाही.’ काळजी तिथेच सुरू होते. स्कॅन झालं की मूळ आल्बमकडे दुर्लक्ष होतं. वारस जागा मोकळी करतात, पुठ्ठे रद्दीत जातात, काचा जुन्या बाजारात. स्कॅन केलेला असतो तो फक्त पुढचा भाग. पाठीवर एखाद्या कारकुनानं मोडीत लिहिलेल्या दोन ओळी असतील, तर त्या वाचता येत नाहीत म्हणून ‘रेघोट्या’ ठरतात आणि स्कॅनमध्ये येतच नाहीत. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा या संस्थानांच्या मराठी घरांत मोडी रोजच्या वापरात होती. आपल्या फोटोंच्या पाठीकडे पाहण्याची सवय इतर कोणापेक्षा आपल्याला जास्त हवी. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी कुटुंबांची कागदपत्रं आधीच तुटक आहेत. कोण कधी आलं, कोणत्या खात्यात होतं, कोणाशी सोयरीक झाली, हे काही वेळा त्या पाठीवरच सापडतं.

करायचं काय

टीका करून थांबणं सोपं असतं, म्हणून हाताशी येतील एवढ्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट क्रमाची. आल्बम, ट्रंक किंवा पेटी उघडली की काहीही हलवण्याआधी ती आहे तशी मोबाईलवर फोटो काढून नोंदवा. आल्बमची पानं सुटी करू नका. प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या आणि एका साध्या वहीत लिहा. क्रमांक फोटोच्या पाठीवर, कडेला, मऊ पेन्सिलीनं. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो, शाई झिरपते. नंतरच स्कॅन: पुढून, मागून, पुठ्ठ्यासकट, कडा न कापता. स्कॅनच्या फाइलचं नाव वहीतल्या क्रमांकानं सुरू व्हावं.

दुसरी गोष्ट काचेची. बारा बाय दहा इंची, अडीच मिलिमीटर जाडीची काच साधारण अर्धा किलो भरते. दोनशे प्लेटा म्हणजे शंभर किलो. त्या आडव्या, एकावर एक रचल्या तर तळची काच तडकणारच. प्रत्येक प्लेट वेगळ्या कागदी पाकिटात घालून लांब बाजूवर उभी ठेवायची, मधे मजबूत आडोसे द्यायचे आणि कपाटाच्या फळीला हे वजन पेलतं का, ते आधी बघायचं. तडकलेली प्लेट मात्र आडवी, पुठ्ठ्याच्या आधारावर, एकटी ठेवायची. थर असलेली बाजू कधीही ओल्या फडक्यानं किंवा स्पिरिटनं पुसू नये. कोलोडियन आणि त्यावरचं वॉर्निश स्पिरिटमध्ये विरघळतं, जिलेटिन पाण्यानं फुगतं. दोन्ही वेळेला काच लख्ख होते आणि चित्र फडक्यावर येतं.

तिसरी गोष्ट हवेची. फोटोंना सापेक्ष आर्द्रता ३० ते ५० टक्के मानवते. गोव्यात किंवा बेळगावच्या पावसाळ्यात हे घरात जमणं कठीण. तरी पत्र्याखालचा माळा आणि ओल येणारी बाहेरची भिंत टाळता येते. आतल्या खोलीतलं, जमिनीपासून उंच, भिंतीपासून थोडं दूर असं लोखंडी कपाट त्यातल्या त्यात बरं. नवीन रंग दिलेलं असेल तर वास पूर्ण जाईपर्यंत त्यात काही ठेवू नका. सतत एकसारखी हवा चालते, पण सकाळी कोरडी आणि रात्री दमट अशी उलथापालथ अल्ब्युमेनला भेगा पाडते. जिलेटिन बुरशीचं आवडतं खाद्य आहे. पावसाळ्यानंतर एकदा सगळं उघडून बघणं हा सण म्हणून ठरवून टाका.

चौथी गोष्ट सामानाची. चिकट पानांचे आल्बम, पीव्हीसीची पाकिटं, सेलोटेप, लॅमिनेशन हे फोटोंचे शत्रू. कागद घ्यायचा तर आम्लमुक्त आणि जमल्यास ‘फोटोग्राफिक ॲक्टिव्हिटी टेस्ट’ पार केलेला. प्लॅस्टिक हवंच असेल तर पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका. तसाच, काचेसकट, स्कॅन करून ठेवा. विसाव्या शतकातल्या फिल्मच्या निगेटिव्हना आंबूस, सिरक्यासारखा वास येत असेल तर त्या बाकीच्यांपासून वेगळ्या करा, कारण त्यातून निघणारं आम्ल शेजारच्यांनाही बिघडवतं.

कोणाला दाखवायचं

शेवटचा मुद्दा जपणुकीच्या चर्चेत सहसा येत नाही. दीनदयाळ यांच्या स्टुडिओनं १८९२ मध्ये पडद्यातल्या स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला होता. तो केनी-लेविक नावाच्या इंग्रज बाई चालवायच्या. तिथे जाणाऱ्या स्त्रियांनी फोटो काढून घेतला तो या भरवशावर की परपुरुषाची नजर त्यावर पडणार नाही. असा एखादा फोटो हाती आला तर तो स्कॅन करून जगापुढे टाकणं हे जपणं आहे का? इतिहासाचा अभ्यासक म्हणून मला तो पाहायचा आहे, हे खरं. पण तो काढताना कोणता करार होता, हेही त्या फोटोच्या इतिहासातच मोडतं. आपल्या घरच्या आल्बममधल्या आजी-पणजींच्या बाबतीत निदान घरच्यांना विचारावं, आणि नोंद करून ठेवणं व प्रसिद्ध करणं ही दोन वेगळी कामं मानावीत.

मोठ्या संस्थांनी प्लेटा विकत घेतल्या, पुस्तकं काढली, त्यांचं काम त्यांनी त्यांच्या ताकदीनुसार केलं. इंदूरच्या राजवाड्याचा कापलेला, रंगवलेला फोटो फिरवून आपण त्यात भर घालत नाही. भर पडते ती कोणीतरी आपल्या घरच्या पुठ्ठ्यावरचा पेढीचा पत्ता, प्लेटवरचा क्रमांक आणि पाठीवरची मोडी ओळ वहीत उतरवून ठेवली की. लंडनच्या प्रिंटवरचा क्रमांक आणि इंदूरच्या एखाद्या ट्रंकेतल्या पुठ्ठ्यावरचा क्रमांक जुळला, तर तो फोटो कोणाच्या घरी, कोणाच्या हाती गेला होता, हे पहिल्यांदाच कळेल. त्यासाठी लागतात एक दोनशे पानी वही, एक पेन्सिल आणि पावसाळा संपल्यानंतरचे चार रविवार.